लॅनवरील संगणकांची एसक्यूएल सर्व्हरशी जोडणी वारंवार का तुटते? ओडीबीसी ड्रायव्हरच्या तक्रारींचे क्रमवार निवारण

कार्यालयात पाच-सहा संगणक, त्यांपैकी एकावर एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सर्व्हरची मोफत आवृत्ती) आणि बाकीच्यांवरून ओडीबीसी ड्रायव्हरमार्फत (प्रोग्राम आणि डेटाबेस यांना जोडणाऱ्या दुव्यामार्फत) त्याच डेटाबेसवर चालणारा हिशेबाचा किंवा बिलिंगचा प्रोग्राम, ही मांडणी पतसंस्था, घाऊक दुकाने, दवाखाने आणि शाळांची कार्यालये अशा असंख्य ठिकाणी वर्षानुवर्षे चालत आलेली आहे. तिच्यातील सर्वांत चिवट तक्रार म्हणजे काल व्यवस्थित चालणारी जोडणी आज सकाळी होत नाही, सर्व्हरचा संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की चालू होते आणि काही दिवसांनी पुन्हा तोच प्रकार घडतो. काउंटरवर लोक खोळंबलेले असतात, पिग्मी एजंटांचा भरणा नोंदवायचा राहिलेला असतो, आणि अशा वेळी ‘सर्व्हर गेला’ एवढेच निदान करून यंत्र रीस्टार्ट केले जाते.

माझ्या मते हा रीस्टार्टच या दुखण्याला जिवंत ठेवतो. रीस्टार्ट केल्याने बंद पडलेली सेवा सुरू होते, झोपी गेलेले यंत्र जागे होते, राउटरकडून पत्ता नव्याने मिळतो, अर्धवट लटकलेल्या जोडण्या मोकळ्या होतात. म्हणजे एकाच वेळी अनेक गोष्टी बदलतात आणि त्यांपैकी नेमकी कोणती बिघडलेली होती याचा पुरावा पुसला जातो. म्हणून पुढच्या वेळी जोडणी तुटेल तेव्हा कामाची घाई कितीही असली, तरी रीस्टार्टपूर्वी ग्राहक संगणकावर, म्हणजे सर्व्हरला जोडल्या जाणाऱ्या बाकीच्या संगणकावर, दिसणारा त्रुटीसंदेश पूर्ण वाचून मोबाइलवर त्याचे छायाचित्र घ्यावे आणि सर्व्हरवर पुढे सांगितलेल्या दोन-तीन चाचण्या कराव्यात.

त्रुटीसंदेशातील क्रमांक आधी वाचावा

ओडीबीसीचा संदेश लांबलचक आणि कंटाळवाणा असतो, परंतु त्यातील पाच अक्षरी स्थिती-संकेत आणि शेवटचा क्रमांक या दोन गोष्टी पाहिल्या तर निम्मे निदान जागच्या जागी होते. संकेत आयएम००२ असेल आणि डेटा सोर्सचे नाव सापडले नाही असे लिहिलेले असेल, तर विनंती नेटवर्कवर गेलेलीच नसते. दोष त्याच संगणकावरील डीएसएनमध्ये (डेटा सोर्स नेम, म्हणजे सर्व्हरचा पत्ता व ड्रायव्हर यांची नाव देऊन साठवलेली नोंद) किंवा ड्रायव्हरमध्ये असतो आणि सर्व्हर रीस्टार्ट करून काहीही होणार नसते. संकेत आयएम०१४ असेल तर प्रोग्राम आणि ड्रायव्हर यांपैकी एक ३२ बिटी व दुसरा ६४ बिटी आहे. ०८००१ म्हणजे ड्रायव्हर सापडला, त्याने प्रयत्नही केला, पण सर्व्हरशी जोडणी प्रस्थापित होऊ शकली नाही. नाव, पत्ता, पोर्ट, फायरवॉल आणि एन्क्रिप्शन ही सारी प्रकरणे या एका संकेताखाली येतात. २८००० आणि सोबत १८४५६ हा क्रमांक दिसला, तर नेटवर्क पूर्णपणे ठीक आहे असे समजून लॉगिनकडे वळावे, कारण नकार देण्यासाठी का होईना सर्व्हरने उत्तर दिलेले असते. एचवायटी०० म्हणजे ठरलेल्या मुदतीत उत्तर आले नाही. ०८एस०१ म्हणजे आधी जुळलेली जोडणी मध्येच तुटली, आणि तो प्रकार इतका वेगळा आहे की त्याचा विचार शेवटी स्वतंत्रपणे केला आहे.

याशिवाय डॉट नेटवर लिहिलेल्या प्रोग्रामांत ‘एरर २६’ आणि ‘एरर ४०’ हे दोन क्रमांक नेहमी भेटतात. २६ चा अर्थ असा की दिलेल्या नावाचा इन्स्टन्स (यंत्रावर चालणारी एसक्यूएल सर्व्हरची एक स्वतंत्र प्रत) शोधताना उत्तर मिळाले नाही. ४० मध्ये बहुधा नेम्ड पाइप्सचा (जोडणीच्या दुसऱ्या एका मार्गाचा) उल्लेख असतो आणि त्यामुळे पुष्कळ जण नेम्ड पाइप्स चालू करण्याच्या मागे लागतात. प्रत्यक्षात टीसीपीचा, म्हणजे नेहमीच्या नेटवर्क जोडणीचा, मार्ग निष्फळ ठरल्यावर ड्रायव्हरने शेवटचा पर्याय म्हणून तो मार्ग चाचपलेला असतो, म्हणून दुरुस्ती टीसीपीचीच करावी.

‘सर्व्हरवर तर चालते आहे’ या पुराव्याची किंमत

प्रोग्राम सर्व्हरच्या संगणकावर उघडतो, म्हणजे डेटाबेस ठीक आहे आणि दोष बाकीच्या संगणकांत आहे, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. तो अर्धाच खरा असतो. त्याच यंत्रावरून जोडणी करताना ड्रायव्हर सामान्यतः शेअर्ड मेमरी हा अंतर्गत मार्ग वापरतो आणि त्याचा नेटवर्कशी काडीचाही संबंध नसतो. एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस नव्याने बसवल्यावर टीसीपी/आयपी हा प्रोटोकॉल मुळात बंद असतो, त्यामुळे सर्व्हरवर सर्व काही सुरळीत दिसत असतानाही दुसरा एकही संगणक जोडला जाणार नाही, अशी स्थिती अगदी नियमानुसार निर्माण होते.

खरी चाचणी घ्यायची असेल तर सर्व्हरवर बसूनच, सर्व्हरच्या नावाच्या जागी ‘टीसीपी’ ही अक्षरे इंग्रजीत लिहून, त्यापुढे अपूर्णविराम, मग सर्व्हरचा आयपी पत्ता आणि स्वल्पविरामानंतर पोर्ट क्रमांक द्यावा. पत्ता आणि पोर्ट यांच्यामध्ये येथे स्वल्पविरामच लागतो. ब्राउझरच्या सवयीने अपूर्णविराम टाकणारे पुष्कळ भेटतात आणि मग सर्व्हर सापडत नाही म्हणून फायरवॉलला दोष देतात. या पद्धतीने सर्व्हरवरच जोडणी झाली नाही, तर ग्राहक संगणकांकडे जाण्याचे कारणच उरत नाही.

अशा चाचणीसाठी वेगळा प्रोग्राम बसवावा लागत नाही. डेस्कटॉपवर एक रिकामी टेक्स्ट फाइल तयार करून तिचे एक्स्टेन्शन बदलून यूडीएल करावे आणि तिच्यावर डबल क्लिक करावे. डेटा लिंकची खिडकी उघडते, तिच्यात सर्व्हरचे नाव आणि लॉगिन भरून जोडणी तपासण्याचे बटण दाबता येते. हिशेबाच्या प्रोग्रामला मध्ये न आणता केवळ सर्व्हरपर्यंतची वाट तपासण्याचे हे साधन विंडोजमध्ये कित्येक वर्षांपासून आहे, आणि तरीही सॉफ्टवेअर विक्रेत्याच्या माणसाची वाट पाहत अख्खा दिवस बसलेली कार्यालये कमी नाहीत.

पोर्ट: वारंवार उद्भवणाऱ्या बिघाडाचे खरे घर

एक्स्प्रेस आवृत्ती बसवताना जो नाव असलेला इन्स्टन्स तयार होतो, तो ठरावीक पोर्टवर (यंत्रावर नेटवर्कची विनंती स्वीकारणाऱ्या क्रमांकित दारावर) बसत नाही. एसक्यूएल सर्व्हरच्या मूळ इन्स्टन्सचा टीसीपी पोर्ट १४३३ हा असतो, परंतु नाव असलेला इन्स्टन्स पहिल्यांदा सुरू होताना मोकळा असलेला कोणताही पोर्ट घेतो. तो कोणता हे ग्राहक संगणकाला सांगण्याचे काम एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर ही स्वतंत्र सेवा करते आणि ती यूडीपी १४३४ वर ऐकत असते. एसटी स्थानकावरील चौकशी खिडकीसारखे तिचे काम आहे: गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे एवढेच ती सांगते, प्रवास तिच्यातून होत नाही. खिडकी बंद असली तर फलाटावर उभी असलेली गाडीही प्रवाशाला सापडत नाही, आणि एरर २६ चा अर्थ नेमका हाच असतो.

आता हा बिघाड रोज न होता मधूनच का होतो, याचे उत्तर पोर्ट निवडण्याच्या पद्धतीत आहे. एकदा मिळालेला डायनॅमिक पोर्ट सर्व्हर नोंदवून ठेवतो आणि पुढच्या वेळी सुरू होताना तोच पोर्ट पुन्हा मागतो. तो मोकळा असेल तर महिनोन्महिने काहीच बदलत नाही आणि कोणीतरी फायरवॉलमध्ये नेमका तोच क्रमांक उघडून ठेवला असेल तर सारे चालत राहते. मात्र एखाद्या दिवशी यंत्र सुरू होताना दुसऱ्या प्रोग्रामने तो पोर्ट आधीच घेतलेला असला, तर सर्व्हर मुकाट्याने नवा पोर्ट घेतो, फायरवॉलचा नियम जुन्याच क्रमांकाचा राहतो आणि कोणीही काहीही न बदलता जोडणी बंद पडते.

उपाय एकदाच करायचा आहे. एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडावा. स्टार्ट मेनूत तो सापडत नसेल तर रन खिडकीतून एसक्यूएलसर्व्हरमॅनेजर या नावाची एमएससी फाइल चालवावी, जिच्या नावाच्या शेवटी २०१९ आवृत्तीसाठी १५ आणि २०२२ साठी १६ हा आकडा असतो. तेथे आपल्या इन्स्टन्सच्या प्रोटोकॉलमध्ये टीसीपी/आयपी चालू करावा, त्याच्या गुणधर्मांतील आयपी पत्त्यांच्या पानावर अगदी तळाशी असलेल्या आयपीऑल या भागात जावे, टीसीपी डायनॅमिक पोर्ट्सची चौकट पूर्णपणे रिकामी करावी आणि टीसीपी पोर्टच्या चौकटीत १४३३ भरावे. डायनॅमिकच्या चौकटीत शून्य ठेवणे आणि ती रिकामी ठेवणे यांत फरक आहे: शून्याचा अर्थ ‘डायनॅमिक चालू ठेव’ असा होतो. त्याच यंत्रावर एकाहून अधिक इन्स्टन्स असतील, तर प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्यावा. त्यानंतर एसक्यूएल सर्व्हरची सेवा पुन्हा सुरू करावी लागते; तोपर्यंत केलेला बदल लागू होत नाही.

बदल लागू झाला की नाही हे अंदाजाने ठरवू नये. इन्स्टन्सच्या लॉग फोल्डरमध्ये एररलॉग नावाची फाइल असते, ती नोटपॅडमध्ये उघडता येते, आणि सेवा सुरू झाल्यानंतरच्या ओळींत ‘सर्व्हर इज लिसनिंग ऑन’ या शब्दांपुढे पोर्ट क्रमांक स्पष्ट लिहिलेला असतो. तेथे १४३३ दिसला नाही तर पुढची कोणतीही चाचणी करण्यात अर्थ नाही.

पोर्ट निश्चित झाल्यावर ग्राहक संगणकांवर सर्व्हरचे नाव देताना स्वल्पविराम आणि १४३३ लिहावे. पोर्ट दिल्यानंतर इन्स्टन्सचे नाव शोधले जात नाही, त्यामुळे ब्राउझर सेवेवरचे अवलंबित्व संपते. ती सेवा बंद ठेवण्यात माझा कल आहे. २५ जानेवारी २००३ रोजी पसरलेला स्लॅमर हा कृमी (एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) याच यूडीपी १४३४ मार्गाने शिरला होता. त्याचा सारा आकार ३७६ बाइट होता आणि त्यावरचा दुरुस्ती-पॅच जुलै २००२ पासून उपलब्ध असतानाही हजारो सर्व्हर त्याला बळी पडले. ती त्रुटी केव्हाच दूर झाली आहे, तरी गरज नसलेला दरवाजा उघडा ठेवण्याचे कारण मला दिसत नाही.

पत्ता, राउटर आणि फायरवॉल

सर्व्हर ऐकतो आहे हे सिद्ध झाल्यावर ग्राहक संगणकावर जावे. बहुतेक जण येथे पिंग (दुसरे यंत्र उत्तर देते का, हे पाहणारी आज्ञा) करतात आणि पिंगला उत्तर आले नाही की नेटवर्क बंद असल्याचे जाहीर करतात. विंडोजचे फायरवॉल अनेक ठिकाणी पिंगला उत्तर देऊ देत नाही, म्हणून पिंग न येणे हा पुरावा नाही. तसेच पिंग येणे याने १४३३ पोर्ट उघडा आहे हेही सिद्ध होत नाही. पिंगचा एक उपयोग मात्र निश्चित आहे: नावाने पिंग केल्यावर पहिल्या ओळीत जो आयपी पत्ता दिसतो, तो सर्व्हरच्या आजच्या पत्त्याशी जुळतो का, हे त्यावरून कळते.

पोर्टची चाचणी पॉवरशेलमधील टेस्ट-नेटकनेक्शन या आज्ञेने करावी. तिला सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट क्रमांक दिला की शेवटच्या ओळीत टीसीपी चाचणी यशस्वी झाली की नाही हे खरे किंवा खोटे अशा स्वरूपात उमटते. जुनी टेलनेट आज्ञाही चालते, पण विंडोज व्हिस्टापासून ती आपोआप बसवलेली नसते. चाचणी अयशस्वी झाली तर ती पत्त्याने आणि नावाने अशी दोनदा करून पाहावी. पत्त्याने जमते आणि नावाने जमत नाही, असे दिसले तर दोष नाव सोडवण्यात आहे. दोन्ही प्रकारांनी जमत नसेल तर फायरवॉल किंवा पत्ता यांच्याकडे वळावे. विंडोजचे फायरवॉल नको असलेल्या विनंतीला नकार न कळवता गप्प बसते, आणि ज्या पोर्टवर कोणीच ऐकत नाही त्याच्याबाबतही ते तसेच गप्प राहते, म्हणून केवळ उत्तर न येण्यावरून ‘फायरवॉलने अडवले’ असे म्हणता येत नाही. एररलॉगमधील ती ओळ आधी पाहून ठेवायची ती याचसाठी.

आमच्याकडच्या कार्यालयांत या टप्प्यावर सर्वाधिक घोळ राउटरमुळे होतो, आणि त्याची कहाणी ठरलेली असते. इंटरनेट नीट चालत नाही म्हणून ब्रॉडबँडवाला येऊन राउटर बदलून जातो. जुना राउटर १९२.१६८.०ने सुरू होणारे पत्ते देत असतो, नवा १९२.१६८.१ने सुरू होणारे देऊ लागतो. ग्राहक संगणक नवे पत्ते घेतात, सर्व्हरला मात्र कधीकाळी हाताने जुना पत्ता भरून ठेवलेला असतो, आणि त्याच्या मॉनिटरच्या कडेला तोच पत्ता लिहिलेली पिवळी चिठ्ठी अजूनही चिकटलेली असते. इंटरनेट सुरू झाले म्हणून ब्रॉडबँडवाला खूश होऊन निघून जातो आणि बिलिंग बंद पडते. याच्या उलटही घडते: सर्व्हर राउटरकडूनच पत्ता घेत असेल, तर वीज जाऊन आल्यावर संगणक वेगळ्या क्रमाने सुरू होतात आणि सर्व्हरचा कालचा पत्ता आज दुसऱ्याच संगणकाला मिळालेला असू शकतो. यावर खात्रीचा उपाय म्हणजे राउटरमध्ये सर्व्हरच्या नेटवर्क कार्डासाठी पत्ता राखून ठेवणे, किंवा राउटर जी पत्त्यांची श्रेणी वाटतो तिच्याबाहेरचा पत्ता सर्व्हरला हाताने देणे.

नवा राउटर आणखी एक गोष्ट गुपचूप बदलतो. विंडोजला तो नवे नेटवर्क वाटतो आणि नव्या नेटवर्कला ‘पब्लिक’ असे वर्गीकरण मिळू शकते. १४३३ साठी केलेला फायरवॉलचा नियम केवळ ‘प्रायव्हेट’ वर्गासाठी असेल, तर तो यादीत हिरव्या खुणेसह दिसत राहतो आणि तरीही लागू होत नाही. नियम नजरेसमोर असतो, म्हणून त्याच्यावर कोणी संशय घेत नाही. सर्व्हरवरील नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन वर्गीकरण ‘प्रायव्हेट’ करावे. नियम नसेल तर येणाऱ्या टीसीपी १४३३ साठी नवा नियम करून त्याची व्याप्ती स्थानिक सबनेटपुरती मर्यादित ठेवावी. स्वतःचे फायरवॉल बाळगणारा अँटिव्हायरस बसवलेला असेल, तर विंडोजमधील नियम त्याच्यापुढे निरुपयोगी ठरू शकतो. तेव्हा तोच नियम तिकडेही करावा लागतो. फायरवॉल पूर्ण बंद करून पाहणे ही दोन मिनिटांची चाचणी म्हणून मी समजू शकतो, पण ‘बंद केल्यावर चालले’ म्हणून ते कायमचे बंद ठेवणे हा उपाय नाही, कारण ज्या यंत्रावर सभासदांच्या ठेवींच्या नोंदी आहेत त्याच यंत्रावर कोणीतरी पेन ड्राइव्हही लावत असतो.

काही संगणक वायफायवर आणि सर्व्हर केबलवर असेल, तर वायफाय ‘गेस्ट’ नेटवर्कवर नाही ना हेही पाहावे. गेस्ट नेटवर्कवरून इंटरनेट मिळते, पण आतील यंत्रे बहुधा दिसत नाहीत.

ड्रायव्हर आणि डीएसएन

नेटवर्कची चाचणी यशस्वी होते आणि तरीही एकाच संगणकावर प्रोग्राम जोडला जात नाही, अशा वेळी त्या संगणकावरील ओडीबीसीची मांडणी तपासावी. ६४ बिटी विंडोजमध्ये ओडीबीसीचे व्यवस्थापन करणाऱ्या दोन स्वतंत्र खिडक्या असतात, दोन्हींच्या फाइलचे नाव एकच असते, आणि गंमत म्हणजे सिस्टिम३२ या फोल्डरमधील फाइल ६४ बिटी असते तर सिसवाऊ६४ या फोल्डरमधील ३२ बिटी. जुने बिलिंग प्रोग्राम बहुतांशी ३२ बिटी असतात. त्यांच्यासाठी सिस्टिम डीएसएन ६४ बिटी खिडकीत तयार केला, तर चाचणीच्या बटणावर तो यशस्वी दिसतो आणि प्रोग्रामला मात्र तो सापडत नाही. नवा संगणक आणल्यावर ‘जुन्याप्रमाणेच सगळे केले, तरी होत नाही’ अशी जी तक्रार येते, तिच्या मुळाशी बहुधा हीच गोष्ट असते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोग्राम ३२ बिटी आहे की नाही हे पाहून मगच योग्य खिडकी उघडावी.

यूजर डीएसएन आणि सिस्टिम डीएसएन यांतील फरकही असाच त्रास देतो. यूजर डीएसएन ज्या खात्याने तयार केला त्याच खात्याला दिसतो. नव्या कर्मचाऱ्याला वेगळे विंडोज खाते दिले, किंवा प्रोग्रामचा एखादा भाग सेवा म्हणून पार्श्वभूमीवर चालत असला, तर त्याला तो सापडत नाही आणि आयएम००२ उमटते. कार्यालयीन वापरासाठी सिस्टिम डीएसएनच करावा.

एका जागेकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. क्लिकॉन्फिग अशा काहीशा उच्चाराची, इंग्रजी नावातील शेवटच्या ‘जी’च्या आधीचे ‘आय’ हे अक्षर गाळलेली (cliconfg) एक जुनी क्लायंट नेटवर्क युटिलिटी विंडोजमध्ये आहे आणि तिच्यात सर्व्हरच्या नावाला ‘अलायस’ (पर्यायी नाव) देता येतो. पूर्वी कोणी तेथे सर्व्हरच्या नावापुढे जुना आयपी पत्ता भरून ठेवला असेल, तर पिंग योग्य पत्ता दाखवते, पोर्टची चाचणी यशस्वी होते आणि ड्रायव्हर मात्र त्या अलायसवर विश्वास ठेवून जुन्याच पत्त्यावर जात राहतो. ही युटिलिटीही ३२ आणि ६४ बिटी अशा दोन प्रतींत असते, म्हणून दोन्हींमध्ये पाहावे.

ड्रायव्हरची आवृत्ती हा अलीकडच्या काळातील नवा वाद आहे. २०२२ साली आलेल्या ओडीबीसी ड्रायव्हर १८ मध्ये जोडणी आपोआप एन्क्रिप्ट करण्याची अट घातली गेली. छोट्या कार्यालयातील सर्व्हरवर स्वतःच तयार केलेले प्रमाणपत्र असते, त्यावर ग्राहक संगणक विश्वास ठेवत नाही, आणि प्रमाणपत्राची साखळी विश्वासार्ह संस्थेने दिलेली नाही अशा अर्थाचा संदेश देऊन जोडणी नाकारली जाते. आवृत्ती १७ वर चालणारा तोच प्रोग्राम १८ वर बंद पडतो तो यामुळे. विश्वासार्ह प्रमाणपत्र बसवणे हा योग्य मार्ग आहे. बंदिस्त लॅनवर तेवढे शक्य नसेल तर डीएसएनच्या मांडणीत सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवण्याचा पर्याय निवडता येतो, मात्र समोरचा सर्व्हर खरोखर आपलाच आहे याची शहानिशा त्यामुळे होत नाही, हे माहीत असावे.

दुसऱ्या टोकाला विंडोजसोबतच येणारा, नावात केवळ ‘एसक्यूएल सर्व्हर’ असलेला जुना ड्रायव्हर आहे. नोव्हेंबर २०२२ च्या विंडोज अद्ययावतीकरणानंतर या ड्रायव्हरवर चालणाऱ्या अनेक प्रोग्रामांची जोडणी टीडीएस प्रवाहातील (एसक्यूएल सर्व्हर ज्या भाषेत ग्राहक संगणकांशी बोलतो तिच्यातील) प्रोटोकॉल त्रुटी दाखवून तुटू लागली होती आणि मायक्रोसॉफ्टने तो दोष जानेवारी २०२३ मध्ये दुरुस्त केला. विक्रेत्याच्या प्रोग्रामला चालत असेल तर या जुन्या ड्रायव्हरवरून आवृत्ती १७ किंवा १८ कडे जावे.

लॉगिनविषयी थोडक्यात

१८४५६ ही त्रुटी ग्राहकाला मुद्दामच मोघम दाखवली जाते; खरे कारण सर्व्हरच्या एररलॉगमध्ये त्याच वेळेसमोर ‘स्टेट’ या आकड्याने नोंदलेले असते. ८ म्हणजे पासवर्ड चुकीचा, ५ म्हणजे त्या नावाचे लॉगिनच नाही, ५८ म्हणजे सर्व्हर केवळ विंडोज ओळखपत्रांवर चालतो आहे आणि एसक्यूएल लॉगिन स्वीकारत नाही. ४०६० असेल तर लॉगिन झाले, पण मागितलेला डेटाबेस उघडता आला नाही. डोमेन नसलेल्या वर्कग्रुपमध्ये विंडोज ओळखीवर अवलंबून राहू नये. एखाद्याने आपल्या संगणकाचा पासवर्ड बदलला की दोन्हीकडील खाती जुळेनाशी होतात आणि कारण न कळता जोडणी तुटते. मर्यादित अधिकारांचे स्वतंत्र एसक्यूएल लॉगिन तेथे अधिक टिकाऊ ठरते. सर्व संगणकांवर एसए हे सर्वाधिकारी खाते भरून ठेवण्याची जी रीत पडली आहे, ती मला अजिबात मान्य नाही.

सकाळची पहिली जोडणी आणि मध्येच तुटणारी जोडणी

सकाळी पहिला संगणक जोडायला जातो तेव्हा मुदत संपल्याची त्रुटी येते आणि दुसऱ्या प्रयत्नात सारे व्यवस्थित चालते, हा प्रकार नेटवर्कचा वाटतो, पण पुष्कळदा तो डेटाबेसच्या ‘ऑटो क्लोज’ या गुणधर्माचा असतो. एक्स्प्रेस आवृत्तीत तयार झालेल्या डेटाबेसमध्ये हा गुणधर्म चालू आढळतो. शेवटची जोडणी सुटली की डेटाबेस मिटवून ठेवला जातो आणि पुढच्या जोडणीच्या वेळी पुन्हा उघडावा लागतो. एररलॉगमध्ये ‘स्टार्टिंग अप डेटाबेस’ ही ओळ दिवसभरात वारंवार दिसली की खात्री पटते. डेटाबेसच्या गुणधर्मांत हा पर्याय बंद करावा.

०८एस०१ म्हणजे काम करता करता तुटणारी जोडणी. येथे सर्व्हरच्या झोपेवर पहिला संशय घ्यावा. छोट्या कार्यालयात सर्व्हर म्हणजे व्यवस्थापकाच्या टेबलाखालचा साधा संगणक असतो. व्यवस्थापक जेवायला गेले, माउस-कीबोर्डला कोणी हात लावला नाही, की तो स्लीपमध्ये जातो आणि काउंटरवरील सर्व संगणक एकाच वेळी तुटतात. सर्व्हरवरील इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम नोंदी उघडल्या की यंत्र केव्हा झोपले आणि केव्हा जागे झाले याच्या वेळा मिळतात. त्या तक्रारीच्या वेळांशी जुळवून पाहाव्यात. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप ‘कधीही नाही’ करावे आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या गुणधर्मांतील वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगीही काढून घ्यावी.

सर्व संगणक न तुटता एकच तुटत असेल, तर केबल, तिचा प्लग, स्विचचा तो पोर्ट किंवा वायफाय यांकडे जावे. एसक्यूएल सर्व्हर निष्क्रिय जोडणीची विचारपूस साधारण ३० सेकंदांनी करतो आणि उत्तर न मिळाल्यास ती सोडून देतो. म्हणजे जरा दीर्घ टिकणारा वायफायचा खंडही जोडणी तोडण्यास पुरेसा असतो, जरी त्याच काळात ब्राउझर वापरणाऱ्याला काही जाणवले नसले तरी. पिंगला सतत चालू ठेवण्याचा पर्याय देऊन ती खिडकी दिवसभर उघडी ठेवली आणि संध्याकाळी हरवलेल्या पॅकेट्सची (नेटवर्कवरून पाठवलेल्या माहितीच्या तुकड्यांची) संख्या पाहिली, की वाद मिटतो. डेटाबेसवर लिहिणारा संगणक शक्य असेल तेथे केबलवरच ठेवावा.

मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस वापरणाऱ्यांना हाच क्रम लागू पडतो, केवळ जागा बदलतात. मायएसक्यूएलचा पोर्ट ३३०६ आहे, बाइंड-अॅड्रेस १२७.०.०.१ असेल तर तो फक्त स्वतःच्याच यंत्राचे ऐकतो, शिवाय तेथे वापरकर्त्याच्या नावासोबत तो कोणत्या संगणकावरून येतो याचीही परवानगी द्यावी लागते. पोस्टग्रेसचा पोर्ट ५४३२ आहे, आणि त्याच्या मुख्य कॉन्फिगरेशन फाइलमध्ये कोणत्या पत्त्यांवर ऐकायचे ते आणि एचबीए फाइलमध्ये कोणाला येऊ द्यायचे ते, अशा दोन वेगळ्या ठिकाणी बदल करावे लागतात.

हे सर्व बदल केल्यानंतर काम बंद असलेल्या वेळी सर्व्हर मुद्दाम पूर्ण बंद करून सुरू करावा आणि त्याच्यावर कोणीही लॉग इन न करता, स्क्रीन पासवर्ड विचारत असतानाच, दुसऱ्या संगणकावरून प्रोग्राम उघडून पाहावा. या अवस्थेत जोडणी झाली नाही आणि कोणी लॉग इन केल्यावर झाली, तर एसक्यूएल सर्व्हरची सेवा स्वयंचलित नाही, किंवा नेटवर्क लॉग इननंतरच जुळते आहे, जे वायफायवरील सर्व्हरच्या बाबतीत घडू शकते. सेवा स्वयंचलित असूनही यंत्राच्या सुरुवातीच्या गर्दीत ती उभी राहू शकत नसेल, तर तिचा प्रकार ‘ऑटोमॅटिक, डिलेड स्टार्ट’ असा करावा आणि सर्व्हर चालू केल्यावर काही मिनिटे थांबूनच काउंटरवरील संगणक सुरू करण्याची सूचना कर्मचाऱ्यांना द्यावी.